पवईच्या भूमीवरील चार करार

दोन राष्ट्रे एकमेकांस साहाय्याचे वचन देतात, त्यास आपण तह म्हणतो. दोन कुटुंबे जोडली गेली की सोयरीक जुळली असे म्हणतो आणि दोन गटांनी अटी मान्य केल्या की करार झाला असे म्हणतो. शब्द वेगळे असले तरी गाभा एकच आहे : यापुढे तुझे हित आणि माझे हित परस्परांशी बांधले गेले, ही कबुली. परंतु अशा प्रत्येक बंधनात सह्या करणाऱ्यांखेरीज आणखी एक पक्ष असतो. कराराचे परिणाम त्याला भोगावे लागतात; मात्र वाटाघाटीच्या वेळी तो तेथे नसतो. या तिसऱ्या पक्षाचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय कराराचा अर्थ कळत नाही. पवईच्या भूमीशी निगडित असलेले चार प्रसंग त्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला करार भीतीतून जन्मला. पवई ज्या साष्टी बेटावर आहे, ते बेट गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होते. हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, साष्टी व मुंबईची बेटे त्यांना दिली. ही मैत्री फार काळ टिकली नाही. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगीज गव्हर्नरची भेट घेऊन परतताना झालेल्या चकमकीत सुलतान मृत्यू पावला. मैत्री संपली, भूमी मात्र नव्या धन्याकडेच राहिली.

दुसरा प्रसंग राजघराण्यांच्या सोयरिकीचा. १६४० मध्ये स्पेनच्या सत्तेतून मुक्त झालेल्या पोर्तुगालला बलवान मित्राची गरज होती. १६६१ च्या तहानुसार राजकन्या कॅथरीनचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि मुंबई आंदण म्हणून देण्यात आली. या आंदणात साष्टी येते की नाही, यावरून दोन्ही मित्रराष्ट्रांत वाद झाला. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. दूर युरोपात दोन घराणी एक झाली. पण माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर राहणाऱ्या माणसांमध्ये सरहद्द उभी राहिली.

तिसरा करार वेगळ्या प्रकारचा आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९५८ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने झाली. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मुख्यतः सोव्हिएत संघातून आले, अन्य खर्चाची जबाबदारी भारत सरकारने उचलली. पहिले वर्ग वरळीत भरले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत पायाभरणी केली. रशियन तज्ज्ञ येथे शिकवीत होते, तसेच येथील अध्यापक शिष्यवृत्तीवर तेथे जाऊन शिकत होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, तरी त्या मैत्रीचे फळ टिकून आहे. कारण ज्यांच्यासाठी ती होती, त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा कराराच्या वेळी जन्मही झाला नव्हता.

चौथा करार आपल्या जवळच्या काळातील आहे. १९८६ मध्ये राज्य शासन, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालक-विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नाममात्र भाड्याने जमीन देताना चाळीस व ऐंशी चौरस मीटरची घरे बांधण्याची अट होती. म्हणजे येथे तिसरा पक्ष, लहान घराची गरज असलेला मुंबईकर, कागदावर लिहिलेला होता. तरीही तो विसरला गेला. नागरिकांनी जनहित याचिका केल्या आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवडणारी घरे आधी बांधण्याचा आदेश दिला. करार केवळ लिहून पुरत नाही; अनुपस्थितांच्या वतीने त्याची आठवण देणारे कोणीतरी लागते.

पवित्र शास्त्रात दावीद आणि योनाथान यांनी मैत्रीचा करार केला होता. योनाथान रणांगणावर पडला; त्या कराराचा पाठपुरावा करणारे कोणी उरले नाही. तरीही राजा झाल्यावर दावीदने स्वतःहून त्याच्या घराण्याचा शोध घेतला. दोन्ही पायांनी पांगळा असलेला योनाथानचा मुलगा मफीबोशेथ त्याला भेटला. दावीदने त्याला त्याच्या आजोबांची शेतजमीन परत दिली आणि आपल्या पंक्तीला कायमचे स्थान दिले. मित्र गेल्यानंतरही पाळलेला शब्द, हाच खरा करार.

आपल्या कुटुंबांत सोयरिकी जुळतात, गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाचे करार करतात, संघटना हातमिळवणी करतात. अशा वेळी एक प्रश्न आपण आवर्जून विचारावा : या बैठकीला कोण आलेले नाही? घरातील वृद्ध, अपंग भावंड, भाडेकरू, पुढची पिढी, यांच्या वाट्याला काय येणार आहे? त्यांच्यासाठी पंक्तीत पान मांडले असेल, तरच तो करार खऱ्या अर्थाने माणसे जोडतो.