तळ्याकाठची वाट

बंगळूर हे मोठ्या नदीवाचून वाढलेले शहर आहे. उंच पठारावर पावसाचे पाणी ठरत नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी ओढ्यांच्या मार्गात मातीचे बांध घालून तळी निर्माण केली. कन्नड भाषेत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. कोरमंगलाला लागून असलेले अगरा तळे त्यांपैकीच एक. त्याच्या काठाने फिरावयास वाट आहे. तिला चढ नाही, की दमछाक नाही. लहानथोरांनी रमतगमत जावे, अशी ती आहे.

फिरणाऱ्याने मात्र केवळ पाण्याकडे पाहू नये. ज्या काठावर एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस सखल जमीन दिसते, तो काठ म्हणजेच जुना बांध. येथील तळी एकेकटी नव्हेत. एक भरले की त्याचे पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या कालव्यातून खालच्या तळ्यात उतरे. अगऱ्याचे पाणी बेळ्ळंदूर तळ्याकडे, तेथून वर्तूरला व पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते.

ही साखळी तुटली की काय होते, तेही याच परिसरात दिसते. कोरमंगलाच्या जुन्या तळ्याच्या जागी १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले. सांडपाण्याने भरलेल्या बेळ्ळंदूर तळ्याने तर २०१७ व २०१८ साली चक्क पेट घेतला!

तळ्याकाठचा फेरफटका हा विरंगुळा खराच. पण तो टिकावयाचा तर नुसती बाके व फुलझाडे पुरत नाहीत. स्वच्छ पाणी येण्याची व जादा पाणी जाण्याची वाटही मोकळी राहावी लागते.