बत्तीस लाल रेषा

द्रोणागिरीच्या हवेबद्दल इथल्या माणसाला काही सांगायला नको. एकीकडे न्हावा-शेवा बंदर, दुसरीकडे करंजाची खाडी, मध्ये मिठागरांची जमीन. खिडकीचं ग्रिल रंगवून घेतलं तरी पावसाळा सरता सरता त्याला पापुद्रे सुटतात. या हवेत माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला 1980च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईल, यावर कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही. पण होतो. आणि तो कसा होतो हे कळलं की आपल्या हातातल्या फोनपेक्षा त्या जुन्या खोक्याबद्दलच जास्त आदर वाटू लागतो.

मी बोलतोय ते सिंक्लेअर स्पेक्ट्रमबद्दल. मूळ यंत्र इंग्लंडमध्ये 1982 साली आलं, त्याची सुधारलेली आवृत्ती स्पेक्ट्रम प्लस 1984 मध्ये. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आपल्याकडे विकली. त्याच सुमाराला केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर शाळांमध्ये पोहोचले होते. घरात स्पेक्ट्रम, शाळेत बीबीसी. आज हे दोन्ही सापडतात ते माळ्यावर, शाळेच्या अडगळीत नाहीतर भंगारवाल्याकडे.

झाकण उघडलं की पहिल्यांदा नजरेत भरतात ते आयसींचे काळे पडलेले पाय. त्या काळच्या कित्येक आयसींच्या पायांवर चांदीचा मुलामा असे. भरती ओसरली की खाडीच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्या हायड्रोजन सल्फाइड वायूने चांदी काळी पडते. घरातले पैंजण काळे पडतात, अगदी तसंच. तांब्याच्या रेषांवरचा हिरवट थर हे मात्र मिठाचं काम. पण हे सगळं बाहेरून लागलेलं दुखणं आहे. आयसीच्या पोटातली सिलिकॉनची चकती बंदिस्त असते आणि बहुतेक वेळा धडधाकट असते. म्हणून मेलेला वाटणारा बोर्ड पुष्कळदा फक्त मळलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, सॉकेटमधल्या आयसी अलगद उचलून पुन्हा बसवणं, सुटलेल्या जोडांना नव्याने डाग देणं एवढ्यावरही काम भागू शकतं.

वीज मात्र लगेच द्यायची नाही. कॉम्प्युटरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी. त्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर विजेला अडवून धरतो. हा थर किती पातळ असावा? एका व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर! यंत्र वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की तो विरतो, आणि एकदम पूर्ण दाब दिला तर कपॅसिटर शॉर्ट होऊ शकतो. पण व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं तर तीच वीज त्या थराची डागडुजी करते. मला या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ज्या विजेने भाग जळायचा, तीच सबुरीने दिली की तो बरा होतो. अर्थात द्रव गळलेला किंवा सुकलेला कपॅसिटर बदलायलाच हवा. बीबीसीच्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक कपॅसिटर तर न तपासताच काढून टाकावेत. त्यांच्या कवचाला तडे जातात, आतला कागद दमट हवा शोषतो, आणि वीज देताच खोलीभर धूर होतो.

स्पेक्ट्रमचा घातवार वेगळा. त्याच्या खालच्या सोळा किलोबाइट स्मृतीतल्या आठ आयसींना तीन वेगवेगळे दाब लागतात: अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 व्होल्ट. बाहेरून येतात फक्त नऊ. त्यातून अधिक 12 आणि उणे 5 हे दाब आतली एक इवलीशी गुंडाळी आणि तिचे ट्रान्झिस्टर तयार करतात. यातला उणे पाच गेला की स्मृतीच्या आयसी पाठोपाठ जातात. त्यात स्पेक्ट्रमच्या पिनला मधोमध ऋण टोक असतं आणि आजच्या बहुतेक अडॅप्टरना मध्ये धन. बसतंय म्हणून कोणताही अडॅप्टर खुपसू नये. आधी मल्टीमीटर लावावा.

आता खरी गंमत. वीज दिली की रॉममधला प्रोग्राम पहिलं काम करतो ते स्वतःची स्मृती तपासण्याचं. वरच्या टोकापासून खाली येत तो प्रत्येक घरात 2 हा आकडा भरतो. पडद्यावरचं चित्रही त्याच स्मृतीच्या तळाला असतं, त्यामुळे सगळ्यात शेवटी तिथेही 2 भरला जातो. द्विमान पद्धतीत 2 म्हणजे 00000010, म्हणजे आठ ठिपक्यांमागे एकच ठिपका उजळलेला. आणि रंगांच्या यादीत 2 म्हणजे काळ्यावर लाल. पडद्याची रुंदी बत्तीस अक्षरांची. म्हणून काळ्या पडद्यावर क्षणभर बत्तीस बारीक, उभ्या लाल रेषा झळकतात. त्या काढायला कोणी सांगितलेलं नसतं. स्मृतीची तपासणीच आपल्याला डोळ्यांनी दिसत असते!

मग तो खालून वर जात प्रत्येक घरातून एक वजा करतो, पुन्हा एक वजा करतो. पहिल्या वजाबाकीनंतर शून्य यायला नको, दुसरीनंतर यायलाच हवं. जिथे हिशेब चुकतो तिथे तो थांबतो आणि ‘माझी स्मृती इथपर्यंतच’ असं मानून पुढच्या कामाला लागतो. त्यामुळे वरच्या भागातली आयसी गेली असली तरी यंत्र तक्रार न करता सुरू होतं, थोड्या स्मृतीवर. खरं काय ते त्यालाच विचारायचं: प्रिंट पीक 23732 + 256 * पीक 23733. उत्तर 65535 आलं तर सगळं शाबूत. 32767 आलं तर वरची बत्तीस किलोबाइट निकामी. बिघाड खालच्या भागात असेल तर जादा रेषा किंवा चुकीचे रंग दिसतात आणि पडदा तिथेच अडकतो. तिथल्या आठ आयसींतली प्रत्येक आयसी प्रत्येक बाइटमधला एकच बिट सांभाळते. म्हणजे जादा रेघ कितव्या ठिपक्यावर आहे ते मोजलं की दोषी आयसी कोणती हे बोट ठेवून सांगता येतं. आजच्या फोनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण माहिती कुणाही एका माणसाला नसते. या यंत्राची असू शकते, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

सुटे भाग? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर. रेग्युलेटर, कपॅसिटर, सॉकेट तिथे मिळून जातात. मेंदू म्हणजे झेड-80 प्रोसेसर. तो 1976 साली बाजारात आला आणि झायलॉग कंपनीने त्याच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या त्या थेट 2024 मध्ये. कीबोर्डखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मात्र कडक होऊन तुटतात. त्या नव्याच घ्याव्या लागतात, आणि आजही कोणी ना कोणी त्या बनवतं.

उरली कॅसेट. प्रोग्राम टेपवर आवाजाच्या रूपात असतो: शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांब. कॉम्प्युटर फक्त दोन चढउतारांमधला वेळ मोजतो, आणि चढउतार सापडला की पडद्याच्या कडेचा रंग बदलतो. सुरुवातीच्या एकसुरी शिट्टीला लाल-आकाशी पट्टे, माहिती सुरू झाली की निळे-पिवळे. पूर्ण 48 किलोबाइट भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात.

कोकणच्या दमट हवेत या टेपवर पांढरी बुरशी चढते आणि टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून काळा चिकटा होतो. पट्टा नवा घालावा, हेड अल्कोहोलने पुसावं. टेप आधी हाताने सावकाश फिरवून मोकळी करावी आणि बुरशी कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यावी. आणि कॅसेट पहिल्यांदा वाजवतानाच लॅपटॉपवर तिचं रेकॉर्डिंग चालू असावं. अशक्त झालेल्या टेपवरचा मुलामा वाजता वाजता हेडवर निघून येऊ शकतो. कुणीतरी शाळेत असताना स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्यावर असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. एकदा फाइल हाती आली की मात्र काळजी नाही. फोनच्या हेडफोन सॉकेटमधून आलेली वायर स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये खोचायची, आवाज बराच मोठा ठेवायचा आणि लोड म्हणायचं.