माळ्यावरचा स्प्रे कॅन अजून जिवंत आहे का?

बाइकच्या टाकीवर ओरखडा उठला, की आपण मॅट ब्लॅकचा स्प्रे कॅन आणतो, दोन मिनिटं फवारतो आणि उरलेला माळ्यावर टाकतो. वर्षभराने बाल्कनीतल्या खुर्चीसाठी तोच कॅन काढावा, तर खडखड आवाज भरपूर, रंगाचा मात्र पत्ता नाही! पण मंडळी, फेकायची घाई नको. पुष्कळदा रंग शिल्लक असतो, फक्त तोंड बंद झालेलं असतं.

आधी हलवा

१९४९ साली अमेरिकेत एड सेमोर यांनी डब्यात रंग आणि गॅस एकत्र भरला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. सीलबंद कॅन साधारणपणे दोन-तीन वर्षं टिकतो, म्हणून घेताना तारीख बघा. पडून राहिला की रंग तळाशी बसतो. आतली गोळी वाजायला लागल्यावरही मिनिट-दोन मिनिटं हलवा.

तोंड साफ ठेवा

काम संपलं, की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत नोझल दाबा. थोडा गॅस जातो, पण नोझल वाचतं. तरीही चोंदलंच, तर नोझल काढून थिनरमध्ये भिजवा. कॅनच्या व्हॉल्व्हमध्ये टाचणी मात्र कधीच घालायची नाही!

गाडीत? अजिबात नको

आतला गॅस बहुतेक वेळा ज्वलनशील असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा. कॅनवर ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी असलेली बंद गाडी ती सहज ओलांडते, आणि मग कॅन फुटू शकतो. शेगडीवरचा माळाही तितकाच वाईट. मुंबई-कोकणात वेगळाच ताप, पावसाळी दमटपणाने पत्र्याला गंज चढतो. गंजलेला किंवा फुगलेला कॅन वापरूच नका. कोरडं, सावलीतलं, मुलांच्या हाताबाहेरचं कपाट बेस्ट. कॅन उभा ठेवा, टोपण लावून.

रिकामा कॅनही जाळायचा किंवा ठोकायचा नाही, आत गॅस उरलेला असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. तेव्हा ओल्या-सुक्यात न मिसळता कॅन वेगळा द्या आणि कचरा नेणाऱ्याला तसं सांगा.

आणि हो, ‘तीनवर एक फ्री’ दिसलं, तरी खुर्ची एकच आहे हे विसरू नका!