सत्तावीसचे तीस

सकाळी 8.10. मिरजेतलं एक खासगी रुग्णालय. रात्रपाळी संपली. सिस्टरनं सगळ्या पेशंटची ओव्हर दिली, रजिस्टरवर सही केली. पगार बावीस हजार. तिला ब्रिटनमध्ये नर्स व्हायचंय. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 7 लागतात, रायटिंगला 6.5. परीक्षेच्या फीमध्ये पगारातला मोठा हिस्सा जातो. म्हणून आधी क्लासचे सराव पेपर. तपासणी धरून एका पेपरचे दोनशे रुपये.

9.30. तिघींत एक खोली. पोहे खाऊन ती आडवी होते.

दुपारी 2.15. रविवारचा तपासलेला पेपर निघतो. रीडिंगला 40 पैकी 27, म्हणजे 6.5. तीस आले की साधारण 7. हे तीन मार्क कुठं सांडले, एवढंच आज शोधायचं. चाळीस रुपयांचं लाँगबुक. त्यात चार रकाने: प्रश्न, माझं उत्तर, बरोबर उत्तर, का चुकलं. शेवटच्या रकान्याला वेळ लागतो. ‘घाई झाली’ लिहिलं की क्लासचे सर खोडतात. चुकलेल्या तेरापैकी पाच ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’चे निघाले.

3.30. लिसनिंग. परीक्षेत एकदाच ऐकायला मिळतं, पण घरी तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा लावते. उत्तर होतं ‘ब्लँकेट्स’, तिनं लिहिलं ‘ब्लँकेट’. एका ‘एस’पायी मार्क गेला. कानाला आता तो ‘स’ पकडता येईपर्यंत हेडफोन निघत नाहीत.

4.45. वडापनं सांगली. वीस रुपये.

5.30. क्लास. लाँगबुकातल्या एका ओळीवर सरांचं बोट थांबतं. उताऱ्यात आहे, गिरणीत बायका काम करत. विधान आहे, त्यांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे. तिनं ‘ट्रू’ लिहिलंय.

“का?”

“तसंच असतं ना, सर.”

“असेल, ताई. पण उताऱ्यात कुठं लिहिलंय, दाखवा.”

ती दोनदा वाचते. कुठंच नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’. चौथ्या रकान्यात ती लिहिते: मला माहीत होतं म्हणून. बाकीच्या चारही चुका त्याच जातीच्या निघतात.

6.10. रायटिंग. 6 आलेत. सर लाल पेननं नुसती रेघ मारतात, चूक तिनं शोधायची. मला ही पद्धत पटते. दुरुस्त वाक्य आयतं मिळालं की माणूस मान डोलावतो आणि पुढच्या निबंधात तेच लिहितो. बहुतेक रेघा ‘द’ गाळल्याच्या. पण खरा घोटाळा समासात आहे. ग्राफ संपला तिथं तिनंच वेळ टाकलीय: 28 मिनिटं. ग्राफला वीस द्यायची, निबंधाला चाळीस. निबंधाचं वजन ग्राफच्या दुप्पट, आणि तोच अर्धवट सुटला. सर मोबाइलवर चाळीस मिनिटं लावतात. विषय तोच, कागद कोरा. नवा विषय देत नाहीत, कारण कालच्या चुका गेल्या का ते तोच निबंध सांगतो.

7.05. शेवट लिहून झालाय. रेघा कमी, ‘द’ अजून दोन ठिकाणी गळालेला.

“सर, तारीख घेऊ का?”

“रीडिंगला लागोपाठ दोनदा तीसच्या वर या. रायटिंगला साडेसहा. मग घ्या.”

दोनशे रुपये मोजून ती पुढचा पेपर घेते आणि वडापच्या दिशेनं झपाझप निघते. आठला ड्यूटी आहे.