चार उमेदवार, दोन निवडणुका (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण कॅन्ससमधल्या रक्तपातापर्यंत आलो होतो. त्यानंतर अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे पाय रोवून असलेला एकच मोठा पक्ष उरला होता, डेमोक्रॅटिक. एप्रिल १८६०मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात तोही फुटला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथे वस्ती करणाऱ्यांनीच ठरवावं, असं सिनेटर स्टीफन डग्लस म्हणत. दक्षिणेला मात्र तिथे गुलामगिरीला केंद्राचं संरक्षण हवं होतं. ते मिळेना, तेव्हा अलाबामाचे प्रतिनिधी उठून चालते झाले आणि त्यांच्या पाठोपाठ इतरही गेले. अखेर एका गटाने डग्लसना उभं केलं, दुसऱ्याने उपराष्ट्राध्यक्ष ब्रेकिनरिज यांना. गुलामगिरीबद्दल चकार शब्द न काढणारे जॉन बेल तिसरे, आणि रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन चौथे.

विरोधकांची मतं फुटली म्हणून लिंकन निवडून आले, असं सर्रास सांगितलं जातं. मतविभागणी आपल्या ओळखीची, त्यामुळे ते चटकन पटतंही. पण आकडे वेगळंच सांगतात. लिंकनना जेमतेम ४० टक्के मतं पडली हे खरं. मात्र राष्ट्राध्यक्ष ठरवतात राज्यांचे निर्वाचक. ३०३ पैकी १५२ लागत होते, त्यांना १८० मिळाले. प्रत्येक राज्यात तिन्ही विरोधकांची मतं एकत्र केली, तरी कॅलिफोर्निया, ओरेगन आणि न्यू जर्सीतले मिळून ११ निर्वाचक हातचे जातात. १६९ उरतातच.

दक्षिण हादरली ती याच हिशेबाने. तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापून वाटत. दक्षिणेतल्या नऊ राज्यांत लिंकनच्या नावाची मतपत्रिकाच कुणाच्या हाती पडली नाही. दक्षिण कॅरोलायनात तर निर्वाचक विधिमंडळच निवडे. लढत उत्तरेत प्रामुख्याने लिंकन-डग्लस यांची, तर दक्षिणेत ब्रेकिनरिज-बेल यांची झाली. तरी निकाल एकच लागला, कारण गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे १८३ निर्वाचक होते आणि गुलामगिरीच्या राज्यांकडे १२०.

हे १२०सुद्धा न्याय्य नव्हते. देशात सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. प्रतिनिधित्व ठरवताना राज्यघटनेनुसार पाच गुलामांमागे तीन माणसं मोजली जात, आणि त्या मोजणीतून वाढणारी सत्ता मालकांच्या पदरात पडे. ज्यांच्या आयुष्याचा फैसला होत होता, त्यांना मत नव्हतं. त्यांच्या डोक्यांवर मात्र त्यांचेच मालक निर्वाचक मिळवत होते. या निवडणुकीबद्दल वाचताना मला सगळ्यांत जास्त चीड येते ती याची.

गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढंच लिंकन म्हणत होते. दक्षिणेला तेवढंही सोसलं नाही. शपथविधी ४ मार्च १८६१ला व्हायचा होता; दक्षिण कॅरोलायना २० डिसेंबरलाच संघराज्यातून बाहेर पडलं. आम्ही राज्यांच्या हक्कांसाठी लढलो, असं दक्षिणेचे कैवारी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. पण फुटून निघण्याची कारणं देणाऱ्या त्या राज्याच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तो जाहीरनामा पुढच्या आठवड्यात मुद्द्यागणिक पाहू.