मामांना मान द्या, पण निदान कुणाचं धरायचं?

व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. "जुना मिस्त्री आणि नवीन पोरगा यांचं जमत नाही, काय करू?" गॅरेजवाल्यांच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच.

माझ्याच टू-व्हीलर गॅरेजचं सांगतो. आमचे मामा वडिलांच्या काळापासूनचे. कार्बोरेटर नुसत्या आवाजावर ट्यून करायचे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांमधून कार्बोरेटरच गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो.

एक गाडी चढावर बंद पडायची. मामांनी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केला. गाडी तीनदा परत आली. स्कॅनरवर कोड नाही. आयटीआय झालेला आमचा पोरगा म्हणाला, "मामा, साध्या बाइकला पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, कोड येणार कुठून? गेज लावून पंप बघूया का?" मामा गिऱ्हाइकासमोरच ओरडले, "तू चड्डीत होतास तेव्हापासून गाड्या खोलतोय मी!"

पोरगा गप्प झाला. मालक असून मीही गप्प बसलो. गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली, तिथे पंपच कमजोर निघाला. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, आणि महिनाअखेर पोरगा म्हणाला, "दादा, मी दुसरीकडे बघतो."

आता तुम्ही म्हणाल, मामांना घरी बसवा. थांबा. त्याच आठवड्यात हाच पोरगा एका इंजिनचा आवाज ऐकून टॅपेट सेट करायला बसला होता. मामांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "टॅपेट नाही रे, क्रँकचं बेअरिंग वाजतंय." खोललं, तर तेच. तो कान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

म्हणून मी मान आणि निदान या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मामांना 'अहो मामा'च म्हणायचं, आणि गिऱ्हाइकासमोर कुणीच कुणाला बोलायचं नाही, मामांनीही नाही. पण शंका कुणाचीही असो, आधी तपासायचं, मग वाद. गेज लावायला किती वेळ लागतो हो? सोबत एक वही ठेवली: परत आलेल्या गाडीचा नंबर, काम कुणी केलं, आधी काय सांगितलं, शेवटी काय निघालं. मूळ पगारात वर्षं मोजतो, इन्सेंटिव्ह मात्र वहीवर. पहिलं नाव मी माझंच लिहिलं, त्या पंपवाल्या गाडीसाठी. ते नसतं लिहिलं तर मामांनी वहीला हात लावला नसता.

तरी पंधरा दिवस फुगून होते. मग एका संध्याकाळी, शटर अर्धं खाली आल्यावर, पोराला म्हणाले, "ते गेज कसं जोडतोस, दाखव बघू."

पोरगा अजून आमच्याकडेच आहे. आता त्याला आवाज ओळखायला शिकायचंय, तर मामा म्हणतात, आधी चहा सांग.