सातारचा दरबार आणि अपुरे ख्रिस्तायन

आज नाताळ. सातारा, सांगली, मिरज येथील उपासनामंदिरांतून आज टाळ-तबल्याच्या साथीवर भजने उठतील. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, मराठी ख्रिस्ती उपासनेवर एके काळी विलायती चालींचा केवढा पगडा होता, याची आठवणही होत नाही. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. तिचा हमरस्ता केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी.

टिळक कवी होतेच. परंतु १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरास मंडळीची सेवा करता करता त्यांच्या लेखणीस निराळेच काम लागले. कीर्तनास आख्यान हवे, भजनास अभंग हवा, आणि तो निरक्षर बाईलाही सहज म्हणता यावा! ही निकड सेवेतली होती. त्यांची गीते आजही ओठांवर आहेत ती त्यामुळेच, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळक साताऱ्यास आले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा म्हणविणाऱ्या प्रत्येकास तेथे बंधू मानले जाई. पाठीशी पगार नाही, पंथाचे छत्र नाही. त्या काळी हे धाडसच होते, आणि ते सर्वांना रुचणेही शक्य नव्हते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवरच थांबले.

ते पुरे कोणी करावे? लक्ष्मीबाईंनी! शाळेचे तोंड न पाहिलेली, एके काळी विटाळाच्या भयाने पतीच्या नव्या धर्मापासून दूर राहिलेली ही बाई १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाली. पुढे तिने दुष्काळात पोरकी झालेली मुले पोटाशी धरली, मंडळीची माणसे सांभाळली. धर्मग्रंथ रचण्याचा अधिकार तिला कोणत्या पाठशाळेने दिला नव्हता; तो या घरकामातून आला. तिने थोडेथोडके नव्हे, चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली ती गेली आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

‘स्मृतिचित्रे’ वाचून आपण हसतो, डोळे पुसतो. ‘ख्रिस्तायन’ मात्र कपाटातच राहते. आज सायंकाळच्या भजनानंतर त्यातील ख्रिस्तजन्माचा भाग कोणी मोठ्याने वाचील काय?